आईने दुसरी पंगत मागितली

आवणी या तमिळ महिन्यातला दुसरा रविवार, संध्याकाळ. साक्कोट्टैच्या रस्त्यावरचा वृद्धनिवास, तळमजल्यावरची आईची खोली. हजर: आई, पलंगावर पाय लांब करून. मी, प्लास्टिकच्या खुर्चीत. निवासाचे व्यवस्थापक, दाराच्या चौकटीत. बसा म्हटलं तरी ते कधी बसत नाहीत. धाकटा भाऊ, टोरांटोहून, माझ्या फोनच्या पडद्यावर. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. आणि भावाची बायको, जी पडद्यावर एकदाही दिसली नाही, पण आवाजाने शेवटपर्यंत हजर होती.

विषय एकच होता. ही खोली आईकडे राहते की जाते.

खोलीचं सांगते, म्हणजे भांडण कशावरून ते कळेल. खोली लहान आहे, पण दारातून पाऊल टाकलं की अंगण, मध्ये एकही पायरी नाही. अंगणात तुळस आहे, पलीकडे बाकं आहेत, आणि स्वयंपाकघर इतकं जवळ की फोडणीचा वास आला की आई काठी घेऊन उठते. आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. वरच्या मजल्यावर तिघींना मिळून एक अशा स्वस्त खोल्या आहेत. लिफ्ट आहे, पण वीज गेली की ती असेल तिथे उभी राहते, म्हणून वरच्या बायका तिच्यात पाय ठेवत नाहीत. वर राहायला गेलेली बाई खाली येते ती डॉक्टरकडे जाण्यासाठी. एरवी ती गॅलरीच्या गजांतून खालची तुळस पाहते.

मग मी तिला माझ्याकडे का नेत नाही, हे विचारणारे पुष्कळ आहेत. मी एका कल्याणमंडपाची व्यवस्था पाहते आणि मंडपाच्याच वरच्या दोन खोल्यांत राहते. तिथे जायला उभा लोखंडी जिना आहे. खाली मुहूर्त असला की पहाटेपासून नादस्वरम्चा गजर. माझा पगार मुलाच्या इंजिनियरिंगच्या फीमध्ये जातो. शिवाय मुलीच्या घरी कायमचं राहायचं नाही हा आईचा हट्ट आहे, आणि आईचा हट्ट मोडण्याचं काम आमच्या घरात आजवर कोणी यादीत घेतलेलं नाही.

तर खोलीचे पैसे दरमहा टोरांटोहून यायचे. आवणीच्या आधीचा महिना आडी, त्याच्याही आधीपासून ते येणं बंद झालं होतं.

पैसे आईचेच होते. पट्टीश्वरमला तिच्या वडिलांनी तिच्या नावावर केलेली नारळांची छोटी बाग होती. ती विकली तेव्हा मी एका कागदावर सरळ आखणी करून दिली: अर्धे बँकेच्या ठेवीत, अर्धे पोस्टाच्या ज्येष्ठांच्या योजनेत. आईने तो कागद घडी करून पंचांगात ठेवला. त्याच महिन्यात भाऊ कॅनडाहून आला. एका नात्यातल्या लग्नाला आला होता, आणि लग्न माझ्याच मंडपात होतं. शेवटची पंगत उठल्यावर आम्ही तिघं जेवणाच्या हॉलमध्ये बसलो होतो. आचारी पातेली घासायला काढत होते. भावाने न वापरलेलं एक केळीचं पान पुढे ओढलं आणि नखाने त्याच्यावर मधोमध रेघ मारली.

"आई, असं समज," तो म्हणाला, "की एक मोठं पातेलं आहे. त्यात तिथल्या मोठ्या बँकांचे, विमा कंपन्यांचे शेअर आहेत. ते शेअर नफ्यातला वाटा देतात. आता हे एकच पातेलं दोन पंगतींना वाढायचं. पहिल्या पंगतीला ठरलेलं मिळतं. थोडंच, पण ठरलेलं, आणि सगळ्यांच्या आधी. त्यांचं झालं की उरलेलं सगळं दुसऱ्या पंगतीचं. सगळं. त्यामुळे दुसऱ्या पंगतीला दर महिन्याला चांगलं भरपूर मिळतं. याला स्प्लिट शेअर फंड म्हणतात."

"आणि उरलं नाही तर?" मी विचारलं.

"अक्का, तू थांब. तिला समजू दे."

आईला समजलं होतं. फार चटकन समजलं होतं. आई जन्मभर दुसऱ्या पंगतीत जेवली आहे. घरच्या बायका, वाढपी, आचारी यांची ती पंगत. ज्यांनी कार्याला जाऊन ती पंगत पाहिली आहे त्यांना माहीत आहे की पहिल्या पंगतीला पायस वाढतात ते वरचं, पातळ. काजू, बेदाणे, शिजून विरघळलेला गूळ, सगळं तळाशी जातं. शेवटी पळी तळाला लागते तेव्हा जे वर येतं ते पानावर पसरत नाही, जागच्या जागी बसतं.

आई हसली. "मज दुसरी पंगतच दे," ती म्हणाली. "तळचं दाट असतं." आई अजून आमच्या तमिळ मुलखातल्या जुन्या मराठीतच बोलते, ते तसंच लिहिते.

मी रोज दोन्ही पंगती पाहणारी बाई आहे. मी म्हटलं, "आई, मुलाकडचे सांगितल्यापेक्षा एक बस जास्त घेऊन आले की काय होतं ते ठाऊक आहे ना? पहिली पंगत पोटभर जेवून जाते. दुसरीला रसम आणि ताक."

"ते तुझ्या मंडपात," भाऊ म्हणाला. "तुझा आचारी चुकतो. इथे बँका आहेत, अक्का. बँका."

"पैसे कोणाच्या नावावर राहणार?"

"माझ्या. तिच्या नावाने तिथे खातं काढायचं म्हणजे किती कागद लागतात, माहीत आहे? ती मला बक्षीस देईल, मी तिच्यासाठी गुंतवीन, दर महिन्याला पाठवीन. तुला माझ्यावर विश्वास नाही का?"

असं विचारल्यावर समोरच्याला नाही म्हणता येत नाही, हे ज्याला माहीत असतं तोच असं विचारतो. मी काही बोलायच्या आत आईनेच त्याला लाडाच्या हाकेने उत्तर दिलं. "तिला मंडपावाचून कशावरच विश्वास नाही, कण्णा." दोघं हसली. बँकेत बक्षिसाच्या कागदांवर सही करायला आईला मीच रिक्षातून नेलं. खिडकीतल्या तमिळ मुलीने आईला आजी म्हणत विचारलं, "पाटी, समजून सही करताय ना?" आई म्हणाली, "माझा मुलगा आहे."

आता जे चांगलं झालं तेही लिहिते, नाहीतर म्हणतील अक्काला फक्त वाईट दिसतं. पैसे आले. दर महिन्याला आले, आणि ठेवीचं व्याज त्याच्यापुढे काहीच नव्हतं. त्याच पैशांच्या भरवशावर आईने भाड्याचं घर सोडलं आणि ही तळमजल्याची खोली घेतली. आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, श्राद्धानंतर तिने सगळ्या निवासाला गोडाचं जेवण घातलं. शेजारच्या खोलीतल्या बाईला ती सांगायची, "पट्टीश्वरमच्या झाडांपेक्षा कॅनडाची झाडं बरी. माकडं येत नाहीत." मी गेले की विचारायची, "तुझ्या पोस्टाचं व्याज किती आहे गं आता?" उत्तर तिला माहीत असायचं.

मग बाजार पडला. का पडला ते मला कळलं नाही, आणि ज्यांनी मला समजावून सांगितलं त्यांनाही कळलेलं नव्हतं. पहिल्या महिन्यात भावाचा निरोप आला, "थोडं थांबलंय, काळजी नको." दुसऱ्या महिन्यात हात जोडल्याचं एक चित्र आलं. तिसऱ्या महिन्यात तेही नाही. मधले पैसे मी भरले, कसे भरले ते इथे लिहीत नाही.

आडी महिन्यात लग्नं नसतात. मंडपात एक वॉचमन, एक मांजर आणि मी. त्या महिन्यात दरवर्षी मी भांडी मोजते, फुटके दिवे बदलते, पंख्यांना तेल घालते. या वर्षी ती कामं बाजूला ठेवून मी त्या फंडाने स्वतः छापलेली माहिती वाचली. ती फंडाच्या साइटवर कोणालाही वाचता येते. पानंच्या पानं इंग्रजी, पण मी करारपत्रं वाचणारी बाई आहे; सजावटवाल्याने कुठे काय लपवलंय ते मला दुसऱ्या पानावर कळतं. इथे तर कोणी काही लपवलेलंही नव्हतं. सरळ लिहिलं होतं की पातेलं अमुक एका रेषेच्या खाली गेलं की दुसऱ्या पंगतीला वाढणं बंद. पहिल्या पंगतीचं चालूच. पातेलं पुन्हा रेषेच्या वर आलं तर दुसरीला पुन्हा सुरू. तळ दिसू लागला तर जे असेल त्यातून पहिल्या पंगतीची मुद्दल आधी. आणखी एक वाक्य होतं, जे मी दोनदा वाचलं. दुसऱ्या पंगतीला दर महिन्याला जे वाढलं गेलं त्यातला काही भाग कमाईचा नव्हताच, तो त्यांच्याच मुद्दलीतून काढलेला होता. म्हणजे श्राद्धाचं ते गोड जेवण पट्टीश्वरमच्या बागेच्या किमतीतूनच झालं होतं.

फंडाने सगळं सांगितलं होतं. भावाने आईला केळीच्या पानावर जे सांगितलं त्यात वाढणं बंद करणारी ती रेषा तेवढी नव्हती.

आणि एक कामाची गोष्ट सापडली. वर्षातून एकदा, आधी सूचना देऊन, पहिल्या पंगतीचा एक आणि दुसऱ्या पंगतीचा एक असे जोडीने शेअर परत केले तर फंड त्या जोडीची पूर्ण किंमत देतो. दुसऱ्या पंगतीचा शेअर एकटा बाजारात न्यावा तर त्या दिवसांत त्याला कोणी धड भाव देत नव्हतं. जोडीने दिला तर त्याचा खरा हिशेब होतो. सूचना द्यायची मुदत आवणी संपण्याआधीची होती. म्हणजे पहिल्या पंगतीचे शेअर कोणाकडे तरी हवे होते.

म्हणून तो रविवार, आणि म्हणून सगळे हजर.

व्यवस्थापकांनी सुरुवात केली. आमचं घरातलं बोलणं त्यांना समजत नाही, त्यांच्याशी तमिळमध्ये. ते म्हणाले, "अम्मा, खोलीसाठी माझ्याकडे तीन जण थांबले आहेत. मी कोणाला घाई करत नाही." हे वाक्य ते फक्त घाई करताना वापरतात.

मी फोनकडे वळले. "ऐकलंस?"

"ऐकलं," भाऊ म्हणाला. तिकडे सकाळ होती, तो ब्रेडला काहीतरी लावत होता. "अक्का, हे तात्पुरतं आहे. बाजार वर येतो. नेहमी येतो. आत्ता विकलं तर तोटा पक्का होतो. पातेलं रेषेवर आलं की पुन्हा तेवढेच पैसे सुरू. घाबरून उठायचं नसतं."

"केव्हा येईल?"

"ते कोणालाच सांगता येत नाही. सहा महिने. दोन वर्षंही लागतील."

"तोपर्यंत मी काय जेवू?" आई म्हणाली. ती हे रागाने म्हणाली नाही. खरंच विचारत होती.

"अक्का आहे ना तिथे," पडद्याबाहेरून आवाज आला.

"अक्का आहेच," मी म्हटलं. "अक्का तीन महिने आहे. आता मला एक सांग. हे जे तू गुंतवलंस, ते सगळं आईच्याच पैशांचं होतं, की तुझेही पैसे त्या फंडात आहेत?"

तो ब्रेड खाऊ लागला.

"मी विचारलं काहीतरी."

"आहेत. थोडे."

"कुठल्या पंगतीत?"

"अक्का, हा काय कोर्टातला प्रकार लावलाय..."

"कुठल्या पंगतीत?"

"पहिल्या," पडद्याबाहेरून उत्तर आलं, आणि मग तोच आवाज जोरात बोलू लागला. "आणि त्यात चूक काय आहे? आमच्या घराच्या हप्त्याचा काही भाग त्याच्यातून जातो. आमचं ठरलेलं लागतं आम्हाला. सासूबाईंना जास्त हवं होतं, त्यांनी स्वतः मागितलं. पानावर काढून दाखवलं होतं यांनी. तुम्ही तिथे होतात, अक्का."

"होते," मी म्हटलं. "तो स्वतः कुठे बसलाय ते त्याने पानावर काढलं नव्हतं."

"कोणी विचारलं नाही," भाऊ म्हणाला.

मी त्याला जोडीने परत करण्याचा नियम वाचून दाखवला. पान आणि ओळ सांगितली. "पहिल्या पंगतीतली तुझी मुद्दल तुला पूर्ण परत मिळते. तुझं काहीही बुडत नाही. फक्त तुझा ठरलेला वाटा पुढे मिळणार नाही. बाकीची किंमत आईची. ती आली की खोलीची निदान काही वर्षांची सोय होते, तुझ्या पातेल्याकडे डोळे लावून बसायला नको."

"आणि बाजार वर गेला तर? आईचंच नुकसान. दुसऱ्या पंगतीला तेव्हा चढही सगळा मिळतो, हे तू वाचलं नाहीस का?"

"वाचलं. खरं आहे. तिचं वय चाळीस असतं तर मीच तिला बसून राहा म्हटलं असतं."

"तू मंडपाची तारखांची वही सांभाळ, अक्का. हे तुझं क्षेत्र नाही."

"तुझंही नाही. तू तिथे फ्रिजच्या सुट्या भागांची कंपनी सांभाळतोस."

"तुमच्या डिपॉझिटला महागाई खाते," आवाज म्हणाला, "ते नाही दिसत?"

"दिसतं. दर महिन्याला थोडं खाते, सगळं पान ओढून नेत नाही."

एवढ्यात व्यवस्थापक खाकरले. आमचं भांडण त्यांना शब्दांनी नसलं तरी सुराने कळत होतं. ते तमिळमध्ये मला म्हणाले, "अम्मा, एक सांगायचं राहिलं. तुमच्या आईंनी शुक्रवारी माझ्याकडे येऊन वरची खोली मागितली आहे. तिघींतली. मी मुलीला विचारून सांगतो म्हटलं."

मी आईकडे पाहिलं. ती पदराची किनार नीट करत होती.

"तू काठी घेऊन ऑफिसपर्यंत गेलीस?"

"सावकाश गेले."

"आणि वर कशी चढणार आहेस?"

"एकदाच तर चढायचं," आई म्हणाली.

मला तेव्हा जो राग आला तो भावावरचा नव्हता, किंवा नुसता भावावरचा नव्हता. मी म्हटलं, "हा तिकडे बसून खातोय आणि तू त्याच्यासाठी वर जाऊन बसतेस. त्याने मागितलं पण नाही. मागायच्या आधी देऊन मोकळी! जन्मभर हेच केलंस, आप्पांसाठी, पाहुण्यांसाठी, याच्यासाठी. आणि वर मला विचारायचं, पोस्टाचं व्याज किती."

"ओरडू नकोस. ते दारात उभे आहेत."

"त्यांना मराठी येत नाही."

"ओरडणं येतं," आई म्हणाली. मग फोनकडे बोट दाखवून, "त्याला उठवू नकोस गं. पंगतीतून कोणी मधूनच उठू नये. आपल्यात चालत नाही."

हे मात्र खरं. आमच्यात उत्तरापोशन, म्हणजे जेवणाअखेरचं पाण्याचं आचमन, झाल्याशिवाय पानावरून कोणी उठत नाही. एक जण उठला तर बाकीच्यांचं जेवणही तिथेच थांबतं. मंडपात मी याच्यासाठी लोकांशी भांडले आहे; बस चुकेल म्हणून मधूनच उठणाऱ्या एका मामांना मी खांद्याला धरून खाली बसवलं होतं.

"आई," मी म्हटलं, "तो मधूनच उठतच नाही. तो एकटा उठला तर पंगत मोडेल. इथे दोन्ही पंगतींनी बरोबर उठायचं आहे, एकाच वेळी. तसा त्यांचाच नियम आहे. त्याचं पोट भरलेलं आहे."

आई फोनकडे वाकली. फोनच्या इतक्या जवळ की तिकडे तिचं नाक आणि कपाळच दिसत असावं.

"कण्णा, तू पहिल्या पंगतीत आहेस?"

"आई, ते फक्त सांगायची एक पद्धत होती..."

"आहेस की नाही?"

"आहे."

"पहिली पंगत पाहुण्यांची असते," आई म्हणाली. "मज वाटलं, तिथले कोणी परके लोक असतील. सावकार, बँकवाले. त्यांनी आधी जेवावं, त्यांचा मान. घरचे दुसऱ्या पंगतीत. मज वाटलं तू माझ्याशेजारी बसला आहेस."

तिकडे ब्रेडची ताटली सरकल्याचा आवाज झाला.

"तू पाहुणा कधी जाहलास?"

भाऊ म्हणाला, "आई, असं काय बोलतेस."

"मी दाट पायस मागितलं. ती माझी हाव. माझ्या पानात रसम आलं, ते मी पिईन. पण घरचा मुलगा पाहुण्यांत जाऊन बसतो आणि आई मागे पळी वाजायची वाट पाहते, हे मी कुठल्या कार्यात पाहिलेलं नाही. आप्पा आपल्या घरच्या कार्यात कधी पहिल्या पंगतीत बसले होते का? सांग. तुझ्या मुंजीत बसले होते का?"

"नाही."

"मग ऊठ," आई म्हणाली. "ऊठ आणि हात धू."

पडद्याबाहेरचा आवाज म्हणाला, "सासूबाई, आमचा हप्ता..." आई तिकडे न पाहता म्हणाली, "तुझ्या हप्त्यासाठी त्याला ओव्हरटाइम करायला सांग. तो लहानपणापासून कमी काम करतो." इतकी वर्षं मी जे वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं ते आईने इतक्या सहज टाकलं की मला माझ्या भांडणाचा पुढचा मुद्दा आठवेना.

भाऊ म्हणाला, "ठीक आहे, टाकतो सूचना." मी म्हटलं, "केव्हा?" तो म्हणाला, "या आठवड्यात." मी म्हटलं, "उद्या सोमवार आहे. उद्या." तो म्हणाला, "अक्का, तुझं समाधान कधी होतं का?" मी म्हटलं, "पोच मिळाली की होतं." त्याने हात हलवून फोन बंद केला. आईला मात्र त्याने नमस्कार केला नाही, आणि आईने ते पाहिलं.

व्यवस्थापक अजून दारात होते. मी त्यांना तमिळमध्ये म्हटलं, "वरच्या खोलीचं विसरून जा. आई इथेच राहील." ते म्हणाले, "तसं असेल तर लिहून द्या, अम्मा. एवढी रक्कम, एवढ्या महिन्यांची, कुठून येणार. ट्रस्टींना दाखवावं लागतं. पोकळ शब्दावर मी खोली धरू शकत नाही." माणूस मला आवडत नाही, पण त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं, मंडपाची तारीख मीसुद्धा आगाऊ रकमेशिवाय धरत नाही. त्यांनी अमावास्येपर्यंतची मुदत दिली.

ते गेल्यावर आई म्हणाली, "तू त्याला फार बोललीस."

"मी? तू काय बोललीस ते ऐकलंस?"

"मी आई आहे." तिने पाय पलंगाखाली सोडले, काठी शोधली. "स्वयंपाकघरात आज काय आहे बघ जरा. आणि तुझं ते पोस्टाचं, त्याचं आता किती आहे?"

या वेळी ती खरंच विचारत होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "अगदीच कमी," आणि अंगणात निघाली.

हे झाल्याला आता आठवडा उलटून गेला. सोमवारी भावाचा निरोप आला की काम झालं. मी विचारलं, ब्रोकरची पोच कुठे आहे. तो म्हणाला, येईल. बुधवारी विचारलं, तो म्हणाला मेलमध्ये असेल, शोधतो. शुक्रवारी त्याच्या बायकोचा निरोप आला की अक्कांनी रोज रोज विचारून त्याला त्रास देऊ नये, त्याच्या ऑफिसात सध्या ताण आहे. मी तिला फंडाच्या माहितीतली मुदतीची ओळ पाठवली आणि खाली काहीही लिहिलं नाही. काल रात्रीपर्यंत तिने ती पाहिलेली होती.

आवणीत मुहूर्त सुरू झाले आहेत, मंडप एकामागून एक बुक आहे. परवा नागप्पट्टिनमची मंडळी येत आहेत, त्यांनी दोनशे पानं सांगितली आहेत आणि ते तीनशे येतील. आचाऱ्याला मी तीनशेचंच सांगून ठेवलं आहे. गॅसची सिलिंडरं आली, केळीची पानं उद्या येतील, जनरेटरवाल्याला निरोप गेला आहे.

व्यवस्थापकांना द्यायचा कागद मात्र टेबलावर आहे. आईचं नाव, खोलीचा नंबर आणि "रक्कम पुढील मार्गाने येईल" इतकं लिहून झालं आहे. त्याच्यापुढची जागा भरायची आहे, आणि पोच आल्याशिवाय मी ती भरणार नाही.